तीन अंश

आजही भोवरे रांगेतच उभे होते. सुचेतानं चष्मा पुसला आणि पडद्याला नाक लावून पुन्हा पाहिलं. रांग म्हणजे रांग!

अतिवाहक, म्हणजे विजेला जराही न अडवणारा पदार्थ, चुंबकाजवळ नेला की त्याच्या आत विजेचे बारीक बारीक भोवरे उठतात. शहाण्यासारखे वागले तर ते त्रिकोणी जाळी धरून बसतात. पण कोतोमधल्या या जपानी प्रयोगशाळेतला स्फटिक नवा, चिरोट्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा, आणि त्यात ते आपले एकामागे एक. का, ते देव जाणे. चुंबक तिरका असला की असं होतं, हे जुनंच ज्ञान. इथे तर चुंबक सरळ! आठ महिने सुचेताच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

स्फटिकच वाकडा बसला असेल, ही शंका तिला पहिल्याच महिन्यात आली होती. पण एकदा वाकडा बसेल, दोनदा बसेल. एकतीस स्फटिकांत तीच रांग, म्हणजे एकतीसही हुबेहूब तेवढेच वाकडे? माणसाच्या हाताला ते जमतं होय? मग मोजायचे कष्ट तरी कोण घेतो! हा शोधच आहे, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, निशिओ-सेन्सेईंनी, ठरवून टाकलं. संध्याकाळी पेपर पाठवायचा होता. तो गेला की सुचेताचा करार तीन वर्षांनी वाढणार. नाही तर मार्चमध्ये इचिकावातलं घर रिकामं करून नवऱ्यासकट पुण्याला परत.

तरी मन खात होतंच. दुपारी तिनं एका स्फटिकावर लेसर सोडला. कवडसा समोरच्या भिंतीवरच्या खुणेवर पडायला हवा होता. पडला वीतभर बाजूला. दुसरा स्फटिक लावला. तिथेच. तिसरा. तिथेच! सगळे तीन अंशांनी तिरके.

स्फटिक बसवायचे मोरिता-सान. साठी उलटलेले तंत्रज्ञ, निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या मुदतीवर राहिलेले. सुचेताचं डोकंच सणकलं. ती तडक सेन्सेईंकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मोरिता-सानांना बोलावणं गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा सुचेताकडे पाहिलं आणि ते कमरेत वाकले.

"चूक माझी. मी विचारायला हवं होतं."

सेन्सेईंनी टेबलावरची पेपरची प्रत बाजूला सारली. मग म्हणाले, "पेपर थांबवू. सुचेता-सान, तुमचा यात दोष नाही, तुमच्या कराराचं मी बघतो. मोरिता-सान, मार्चमध्ये तुमची मुदत संपली की मात्र आपण थांबूया."

सुटले बाई, असं वाटायला हवं होतं. वाटेना. विचारायला हवं होतं म्हणजे काय? वाकडं बसवायचं असं कुणी विचारून बसवतं का? तिला काही उमगेना. ती मोरिता-सानांच्या टेबलापाशी गेली. ते आपले चिमटे एकेक पुसून ठेवत होते.

"तुम्ही काय विचारायला हवं होतं?"

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग खणातून एक छोटी डबी काढून त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "समोर नमुना ठेवला की त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं. मला वाटलं, तेवढा तिरकेपणा तुम्हाला हवाच आहे."

डबीत पहिला स्फटिक होता. इथे आल्याच्या पहिल्या आठवड्यात, कसा बसवायचा हे दाखवायला, तिनं घाईघाईत स्वतः बसवलेला. झाकणावर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी: 'अगदी असंच. केसाचाही फरक नको.'

तिनं तो लेसरखाली धरला. कवडसा वीतभर बाजूला पडला.

म्हणजे आता करार जायचा तो तिचाच. नवऱ्यानं, शिरीषनं, कालच घरासाठी नवं कपाट मागवलं होतं. गप्प राहिली तर कुणाला कळणार होतं? मोरिता-सान तर जन्मात बोलणार नव्हते. ते पुन्हा चिमटे पुसायला लागलेसुद्धा. सुचेताला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिनं डबी उचलली आणि दार न वाजवताच ती सेन्सेईंच्या खोलीत शिरली.

"सेन्सेई, मोरिता-सानांचा हात एकतीस वेळा चुकला नाही. माझा एकदाच चुकला होता."