डॉक्टर काय म्हणाले

मेथी विकून झाल्यावर कुसाबाईनं मांजराचं पिल्लू पदराखाली घेऊन नाशिक रोडचा दवाखाना गाठला. त्याचे डोळे चिकटले होते. "पिल्लांना माती, कुसळ, धूर, कशानंही असं होतं; याला मात्र सर्दी आहे," म्हणत डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली. घरी नवरा दारातच ताटकळला होता. पिल्लू त्याचं लाडकं. "काय म्हनले डॉक्टर?" बाटली पदराआड लपवत ती म्हणाली, "चुलीच्या धुरानं झालंय." तीस वर्षं ती पदरानं डोळे पुसत होती, तरी चुलीवरचीच भाकरी मागणारा तो माणूस पिल्लू उचलून आत गेला. मग त्यानं स्वतःच गॅसच्या शेगडीवरचं फडकं काढलं. आठवड्यात पिल्लाचे डोळे लख्ख उघडले. "बघ, धूरच नडत व्हता!" तो भाकरी मोडत म्हणाला. "तुमाला लवकर उमगलं," कुसाबाई म्हणाली, आणि संपलेली बाटली तिनं गार चुलीच्या राखेत खोल पुरली.