मलाकीची पसंती

"सरळ उभ्या राहा. हसायचं नाही," मेट्रन म्हणाली, आणि रांगेतल्या अकरा जणी आणखीच हसल्या.

मलाकी डोनलन टोपी हातात धरून दारात उभा होता. घरफोडीबद्दल सात वर्षांची शिक्षा होऊन तो आयर्लंडहून सिडनीला आला होता. पाच वर्षं नीट वागला म्हणून त्याला बाहेर राहून स्वतःचं काम करायचा परवाना मिळाला होता. असा परवानावाला कैदी बायकांच्या कारखान्यात, म्हणजे त्यांच्या तुरुंगात, येऊन तिथल्या कैदी बायकांतून बायको निवडू शकत असे. मात्र बाई हो म्हणाली पाहिजे. सोमवारी या अकरा जणींना दूरदूरच्या मळ्यांवर पाठवणार होते. मलाकी तीस मैल चालत आला होता.

मेट्रनने त्याचा कागद वाचला. "अविवाहित. खरं ना? बोटीवर जुने कैदी शिकवतात म्हणे, एकटा आहे असंच सांग, म्हणजे इथे दुसरी करता येते."

"उतरताना सांगितलं तेच लिहिलंय, बाईसाहेब."

"खरं सांगणाऱ्यांच्या बायका सरकार फुकट आणून देतं. आणि खोटं निघालं तर?"

"परवाना जातो."

"नुसता परवाना नाही. चाबूक आणि साखळी. तिकडे कुणी रडत बसली असेल तर आत्ताच बोल."

मलाकी टोपीच्या कडेकडे बघत राहिला. "कुणी बसलेली नाही," तो म्हणाला.

त्याच्या आधी डर्कनचा नंबर होता. डर्कन शिक्षा संपलेला, चाळीस एकरांचा मालक. तो रांगेतून हळूहळू फिरला, एकीचा दंड दाबून पाहिला, आणि सहाव्या बाईपाशी थांबला. केस कापलेली, हडकुळी, पण ताठ उभी. "ही."

"ऑनर शॅनी," मेट्रन म्हणाली. "घरफोडी. चार महिन्यांपूर्वी आली. काय गं?"

"ह्यांनी आमचे दंड दाबले," ऑनर म्हणाली. "मला ह्यांचे दात मोजू द्या."

सगळ्या खिदळल्या. डर्कन लालबुंद झाला आणि शेजारच्या गुटगुटीत पोरीला घेऊन गेला.

"चाळीस एकर लाथाडलेस, मूर्ख!" मेट्रन म्हणाली. "डोनलन, तू बघ."

मलाकी रांगेकडे गेला. "अगं, ह्याला आधी जेवायला घाला!" कुणीतरी ओरडलं. तो सहाव्या बाईसमोर थांबला.

"ही चालेल," तो म्हणाला.

ऑनरने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "दारू पितोस?"

"परवडत नाही."

"मारतोस?"

"नाही."

"घर आहे?"

"झाडाच्या सालींची झोपडी. पावसाचं पाणी आत येत नाही."

"बरं," ती म्हणाली. "ह्याला हो म्हणते."

"देवा!" मेट्रनने कपाळाला हात लावला. "तुला काही विचारायचंय, डोनलन? नंतर तक्रार नको."

"मागे गावात कुणी आहे का हिचं?" मलाकीने विचारलं.

"कुणी नाही," ऑनर म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "आता कुणीच नाही."

मलाकीने टेबलाची कड धरली.

"मग तर उत्तमच. मागची कटकट नाही," मेट्रन म्हणाली. "उन्हातून चालत आलास, बस त्या बाकावर. तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतील. कुणी हरकत घेतली नाही तर लग्न. मी अर्ज आणते."

ती आत गेली. बाकी बायका कामाला पांगल्या. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली. समोर पहारेकरी होता, पण तो इंग्रज होता. मलाकीने त्याच्याकडेच बघत, आपल्या गावच्या भाषेत, हळू विचारलं, "दोघीही?"

"आधी धाकटी गेली," ऑनर म्हणाली. "थोरली नऊ दिवसांनी. तिला वाटायचं, बाबा येऊन धाकटीला घेऊन गेले."