फायनल न झालेली लढत

"भ्याली होती निशात पठाण!" देवरावांनी टपरीच्या बाकावर थाप मारली. "चॅम्पियन असून आपल्या प्रज्ञासमोर फायनलले उतरलीच नाही."

"भ्याली कायची? वजन जास्त भरलं म्हनून बाद झाली," गुलाबराव म्हणाले.

अकोल्याच्या बॉक्सिंग हॉलबाहेरचा हा वाद जुनाच होता. आता इथली कोच असलेली प्रज्ञा शेजारीच चहा पीत होती. तिचं मत देवरावांसारखंच होतं. लढत न होता मिळालेलं ते सुवर्णपदक तिला कायम खुपत आलं होतं, आणि निशातशी ती त्यानंतर एक शब्दही बोलली नव्हती.

"भरलं नाही, मुद्दाम भरवलं!" देवराव पेटले. "मी होतो ना तिथं. बाकी पोरी वजन घटवाले थुंकत होत्या, अन् हे पोरगी वजनाच्या रांगेत गटागटा पानी पेत होती!"

प्रज्ञानं कप खाली ठेवला. सेमीफायनलमध्ये डोक्याला मार बसून खोलीवर तिला उलट्या झाल्या होत्या. डॉक्टरांना कळलं तर खेळता येणार नाही, म्हणून तिनं खोलीतल्या एकाच मुलीला शपथ घातली होती. ती निशात होती. तिनं शपथ पाळली होती, आणि लढतही होऊ दिली नव्हती.

"मॅडम, तुमी ठोकलंच असतं ना तिले?" देवरावांनी विचारलं.

"कोणतीला, काका? त्या सकाळी मला दोन निशात दिसत होत्या." प्रज्ञा उठली. "तिचा नंबर आहे का कोणाकडे?"