एकेरी तिकीट

मधूची मुंज झाली ते साल १९५५. मांडव उतरून महिनाही झाला नव्हता, तोच मधूच्या वडिलांच्या, हरिहरच्या नावाने नैरोबीहून तार आली. धाकटा भाऊ विश्राम अत्यवस्थ आहे, सुमतीला विमानाने पाठवा.

रविवारी सकाळी हरिहर विश्रामच्या बायकोला, सुमतीला घेऊन डोंबिवलीहून निघाला. आधी कल्याणच्या एका दलालाकडे भाव विचारून झाला. दुपारी दोघं ठाण्यात पोपटशेठच्या दुकानात येऊन बसली. बोटीची आणि विमानाची तिकिटं काढून देणारं ते दुकान जेमतेम सहा हात लांब होतं. सुमतीच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत पासपोर्ट आणि देवी टोचल्याचा दाखला. दसऱ्यानंतर बोटीने ती नवऱ्याकडे जाणारच होती, म्हणून कागद तयार होते.

"मंगळवारी विमान आहे. बुधवारी बाई तिथं," पोपटशेठ म्हणाला. "आठशे नव्वद."

"तोंडाला येईल ते सांगू नका शेठ. कल्याणचा आठशे साठ म्हणत होता."

"मग कल्याणहूनच उडवा विमान."

हरिहरने तपकिरीची डबी काढली. "जेवण नको म्हटलं तर किती कमी होतात? ही डबा नेईल."

"विमान आहे हो, खानावळ नाही."

"बरं, अगदी मागची जागा? तिथं धक्के बसत असतील."

चिमूटभर तपकीर टेबलावर सांडली. हरिहरने ती बोटाने गोळा करून पुन्हा डबीत भरली. सुमतीने मान फिरवली.

"जाऊन-येऊन घेतलं तर शेकडा दहा सूट," शेठ कंटाळून म्हणाला. "वर्षभर चालतं."

हरिहर ताठ बसला. "म्हणजे एकशे अठ्ठ्याहत्तर वाचले. जाऊन-येऊनच द्या. एका माणसाचं."

"परतताना साहेब असतील ना बरोबर?"

"तार वाचलीत ना तुम्ही? येणार ती एकटीच. व्यवहार बघायला नको का?"

पोपटशेठने सुमतीच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं आणि टाक खाली ठेवला.

हरिहर पुढे वाकला. आवाज उतरवून म्हणाला, "नाहीतर असं करू. दोन दिवस थांबू. दुसरी तार येईलच. जायचं कारणच उरलं नाही, तर सगळेच वाचतात."

सहा हातांच्या दुकानात आवाज उतरवून काय होणार!

"भाऊजी, पैसे काढा," सुमती म्हणाली.

"अगं, मी तुझ्याच—"

"कोटाच्या आतल्या खिशात आहेत. यांनीच पाठवलेले. पाच वर्षं मनीऑर्डर आली की सही तुम्ही केलीत. मी कधी विचारलं नाही. आज काढा."

"ही काय दुकानात बोलायची गोष्ट आहे?"

"आत्ता तुम्ही बोललात, ती होती?"

हरिहरने पाकीट टेबलावर ठेवलं. सुमतीने ते उघडलंसुद्धा नाही, तसंच शेठपुढे सरकवलं.

"मंगळवारचं. एकेरी."

"बाई, दहा टक्के..." शेठ सवयीने बोलून गेला. मग टाक उचलून नाव लिहू लागला.

तिकीट पिशवीत घालून सुमती उठली. "जाऊबाईंबरोबर माझी ट्रंक उद्या नौपाड्यात मामीकडे पाठवा. मी आता डोंबिवलीला येत नाही."

"आणि लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, भाव पटला नाही." तिने पदर सारखा केला. "जाते."

"येते म्हणावं, सुमती," हरिहर दचकून म्हणाला. त्यांच्या घरात निघताना 'जाते' कुणी कधी म्हटलं नव्हतं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि दुकानाची पायरी उतरली.

सुमती बुधवारी, आठ जूनला नैरोबीला पोचली. विश्राम सोमवारी, तेरा जूनला, दुपारी तीन वाजता वारला.