नवशिका गट

"नवशिका म्हणजे ज्याला येत नाही तो, असं नव्हे," सिद्धलिंगप्पा म्हणाला आणि शेंगा चटणीचं बोट चाटून तेच ओलं बोट त्यानं नियम मोजायला पुढं केलं. "ज्यानं पूर्वी जमलेल्या लोकांसमोर घोडेस्वारी केलेली नाही, तो नवशिका. येतं की येत नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही."

हेमावतीनं त्या बोटाकडं पाहिलं आणि हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

तिचे वडील गुरुबसप्पा मात्र खुलले. अक्कलकोट रोडला टॉवेलांचे माग चालवणाऱ्या माणसाचा घोड्याशी संबंध कितीसा. पण यंदाच्या अश्वस्पर्धेत नवशिक्यांचा चांदीचा पेला त्यांनी दिला होता, आणि होणारा जावई तोच पेला जिंकून घरात परत आणणार होता. दान करून वस्तू घरातच राहण्याचा योग फार थोड्यांना येतो.

सिद्धलिंगप्पा पुण्याला विमा कंपनीत होता. कलमं तोंडपाठ. मुलगी पाहायला एका मामाला घेऊन आला. आईवडिलांना प्रवास सोसत नाही म्हणाला. त्याही दिवशी त्यानं हेमावतीच्या आईला, गिरिजाबाईंना, पटवून दिलं होतं की तुम्ही वाढलेली चटणी ही चटणी नसून पूड आहे. गिरिजाबाईंनी कबूल केल्यावरच तो जेवला.

"अव्वा, मला हा नको," हेमावती स्वयंपाकघरात म्हणाली.

"का पण? दारू पितोय? नोकरी न्हाई?"

"किळस येते."

"किळस हे काय कारण झालं होय गं? तुझे आप्पा काय म्हणाले? एक दोष दाखव, मी लगेच मोडतो. दाखव की मग."

दोष दाखवता येत नव्हता, हीच पंचाईत होती. संध्याकाळी बक्षीस देताना गुरुबसप्पा लाउडस्पीकरवरून सोयरीकही जाहीर करणार होते. पेढे आधीच सांगून ठेवले होते.

दुपारी माळावर अर्धं सोलापूर लोटलं. स्पर्धेत परीक्षा तीन: आखलेल्या चौकोनात शिस्तीची चाल, मग माळावरची दौड, शेवटी अडथळ्यांवरून उड्या. अडथळे म्हणजे गुरुबसप्पांच्याच कारखान्यातले टॉवेलांचे गठ्ठे. गट दोन, नवशिके आणि सरावलेले. घोडं कितीही मुरलेलं असलं तरी चालेल. नवखेपण स्वाराचं बघायचं.

घोडे कमी पडल्यामुळं स्पर्धा भरवणाऱ्या मंडळानं ते बाहेरून मागवले होते. सिद्धलिंगप्पाच्या वाट्याला कुर्डुवाडीच्या रामहरी टांगेवाल्याची पांढरी घोडी आली. रामहरीनं घोडी धरली, सिद्धलिंगप्पा वर चढला. त्यानं रामहरीकडं पाहिलंही नाही. लगाम धरणाऱ्याचं तोंड पाहायची त्याला सवय नसावी. रामहरी मात्र त्याच्याकडं मान वाकडी करून पाहत राहिला.

बँड सुरू झाला आणि बाकीचे घोडे बिथरले. एकानं स्वाराला थेट भज्यांच्या गाड्यावर नेऊन सोडलं. पांढऱ्या घोडीनं तेवढा ठेका धरला. सिद्धलिंगप्पा ताठ बसला होता, चेहरा गंभीर, मान जराशी खाली. मधूनमधून डावा हात कपाळासमोरून फिरवून तो काहीतरी बाजूला सारत होता. डोक्यावर इतकं तेल होतं की एकही केस हलणं शक्य नव्हतं, तरी सारत होता. हेमावतीनं नजर वळवली. आता आयुष्यभर हा हात समोर फिरणार.

दौडीत घोडी दमली, उड्यांत दोन गठ्ठे पाडले. पण बाकीचे त्याहून वाईट निघाले. सिद्धलिंगप्पा पहिला. नंदू वकील दुसरा.

गुरुबसप्पांनी एका हातात पेला घेतला, दुसऱ्या हातात माइक. तेवढ्यात रामहरी कौतुकानं पुढं आला.

"सायेब लई ब्येस बसत्यात. दोन सालाखाली आमच्याकडं ह्याच घोडीवर बसले व्हते की. सारं गाव बघाया लोटलं व्हतं."

नंदू वकिलानं ताबडतोब हात वर केला.

"हरकत. सारं गाव म्हणजे जमलेले लोक. हे नवशिके नाहीत. पेला इकडं आणा."

गर्दी पुढं सरकली. पंच होते गुरांचे डॉक्टर. त्यांनी चष्मा काढला.

"सिद्धलिंगप्पा, हा म्हणतो ते खरं का? खोटं असेल तर तसं सांगा, विषय संपला."

गुरुबसप्पा घाईनं म्हणाले, "खोटंच असणार की. हजार माणसं बसत्यात घोडीवर. चुकला असंल ह्यो."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण समोर नियम होता, वकील होता आणि माइक चालू होता. सिद्धलिंगप्पाचे डोळे चटणीच्या दिवशी चमकले होते तसे चमकले. त्यानं बोट चाटलं नाही, इतकंच.

"खोटं नाही," तो म्हणाला. "बसलो होतो. पण घोडेस्वारी आणि घोडीवर बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लगाम ज्याच्या हातात, तो स्वार. त्या दिवशी लगाम या रामहरीच्या हातात होता. विचारा त्याला."

"व्हय, माज्याच हातात व्हता," रामहरी म्हणाला.

"लगाम सोडून काय हवेत हात ठेवून बसला होतात?" नंदू वकिलानं विचारलं.

"माझे दोन्ही हात गुंतलेले होते," सिद्धलिंगप्पा विजयानं म्हणाला, आणि ते माळाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "उजव्या हातात लिंबू टोचलेली कट्यार होती, आणि डाव्या हातानं मी डोळ्यांवर येणारं बाशिंग सारत होतो."