शाळेची बस येणार म्हणून

रात्रभर तापाने किरकिरलेलं लेकरू आत्ता कुठे पुलाखालच्या झोळीत निजलं होतं, तेवढ्यात सफाईच्या मुकादमाने झोळीलाच काठी लावली.

"ए बाई, ऊठ! चूल, ताडपत्री, सगळं उचल आणि नाल्याकडं चालती हो."

"हळू बोला की ओ, पोर आजारी हाय," मुक्ताने झोळी पोटाशी धरली. "ह्या उन्हात कुठं नेऊ त्याला?"

"तुझ्या बापाचा पूल हाय का? मोठ्या शाळेची पोरं येणारेत आकुर्डीवरनं. साहेब म्हणाले, पाहुण्यांना घाण दिसता कामा नये."

त्याच्या माणसांनी लाथेसरशी चूल विस्कटली, जागा लख्ख झाडली आणि कडेने पांढरीशुभ्र फक्की मारली. लेकराच्या डोक्यावर पदर धरून मुक्ता भर उन्हात उभी होती. पदराआडचं अंग तव्यासारखं तापलेलं. तिचा तोल सुटला.

"मुडदा बशिवला त्या पाहुण्यांचा! असं काय सोनं बघायला येणारेत ते हितं?"

मुकादमाने हातावरची फक्की झटकली.



"बेघर माणसं कशी राहतात, ते."