पान एकशे बारा

"अहो, तुमच्या ड्रॅगनच्या कादंबरीत पान एकशे बाराला कैरीचं लोणचं कसं काय आलं?" फोनवर कुणी काकू विचारत होत्या.

हेरंबने पलंगाखालच्या गठ्ठ्यातली एक प्रत उघडली. खरंच की! राजकन्या तलवार उपसते आणि पान उलटलं की थेट मुरंबा! छापखान्याने त्याच्या सोळा पानांच्या जागी कुठल्याशा पाककृतींच्या पुस्तकाची सोळा पानं शिवून टाकली होती, आणि तीही प्रत्येक प्रतीत!

स्वतः छापून वर्षभर त्याने ही कादंबरी घरोघरी पोचवली होती. आत्या म्हणाली होती, "एका बैठकीत संपवली रे!" शाळेतले सर म्हणाले होते, "ड्रॅगनशी लढाई काय रंगवलीस!" लढाई नेमकी त्याच हरवलेल्या सोळा पानांत होती. म्हणजे कुणी काही वाचलंच नव्हतं.

निदान या काकूंनी तरी! त्याला भरून आलं. "काकू, तुम्ही एकशे बारा पानं वाचलीत?"

"छे हो! सहज चाळत होते, तर कृती दिसली. पण शेवट तुटलाय बघा. मीठ किती घालायचं?"

हेरंबने स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "आई, किलोभर कैरीला मीठ किती गं?"